घरावर सौर संच बसवताना विक्रेत्याच्या अंदाजपत्रकात न दिसणारे खर्च कोणते?

प्रश्न

गच्चीवर 3 किलोवॅटचा सौर संच बसवण्याचा आमचा विचार चालू आहे. विक्रेत्याने वर्षभरात तयार होणाऱ्या सर्व युनिटना सध्याच्या वीजदराने गुणून वार्षिक बचत काढली आहे आणि संचाच्या किमतीला त्या रकमेने भागून पैसे किती वर्षांत वसूल होतील ते सांगितले आहे. आकडा आकर्षक असला तरी मनाला पटत नाही, कारण दिवसा आमच्या घरी कोणीच नसते आणि विजेचा खरा वापर संध्याकाळनंतरच होतो. आमच्याकडे वीज अधूनमधून जाते, ती अडचणही सौर संचामुळे दूर होईल अशी आमची समजूत आहे. गच्चीवर पाण्याची टाकी आहे आणि दुपारनंतर तिची सावली पॅनेलच्या नियोजित जागेवर पडते. निर्णय घेण्यापूर्वी कोणत्या गोष्टी तपासाव्यात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

तुमची शंका रास्त आहे आणि ती नेमक्या जागी आहे. सौर संचाचा फायदा तो किती युनिट तयार करतो यापेक्षा त्यातले किती युनिट त्याच वेळी घरात वापरले जातात यावर अधिक अवलंबून असतो.

तुमच्याच संचाचे उदाहरण घेऊ. ऊन चांगले असेल तर 1 किलोवॅटमागे दिवसाला सरासरी 4 युनिट मिळतात असे धरले, तर 3 किलोवॅटचे वर्षाला 4,380 युनिट होतात. वीज कंपनी ग्रिडला, म्हणजे तिच्या वीजवाहिन्यांच्या जाळ्याला, दिलेल्या प्रत्येक युनिटच्या बदल्यात पूर्ण एक युनिट वजा करत असेल, म्हणजे खऱ्या अर्थाने नेट मीटरिंग असेल, तर विक्रेत्याची पद्धत बरीचशी बरोबर ठरते. मात्र अनेक ठिकाणी ग्रिडला दिलेल्या युनिटचा दर विकत घेतलेल्या युनिटच्या दरापेक्षा खूपच कमी असतो. तो एक चतुर्थांश आहे आणि तुम्ही घरात थेट 1,500 युनिटच वापरता असे समजा. उरलेल्या 2,880 युनिटचे मोल 720 युनिटइतकेच भरते आणि वर्षाची खरी बचत 2,220 युनिटची होते. हे अंदाजपत्रकातील आकड्याच्या जेमतेम निम्मे आहे, त्यामुळे वसुलीचा काळ जवळपास दुप्पट होतो.

आता वॉशिंग मशीन, गीझर आणि पाण्याचा पंप टायमर लावून दुपारी चालवले आणि थेट वापर 2,500 युनिटवर नेला, तर बचत 2,970 युनिटची होते. टायमरचा किरकोळ खर्च सोडला तर ही एक तृतीयांश वाढ जवळपास फुकट मिळते. दिवसा घरी कोणी नसले तरी हे करता येते, आणि बॅटरीचा विचार करण्याआधी ते करून पाहावे असे माझे ठाम मत आहे.

आणखी दोन गोष्टी आहेत. बिलातील स्थिर आकार, म्हणजे वापर कितीही असला तरी लागणारी ठरावीक रक्कम, सौर संच बसवूनही सुटत नाही, त्यामुळे बिल शून्य होईल असे गृहीत धरू नये. दुसरे म्हणजे नियम बदलतात. कॅलिफोर्नियात एप्रिल 2023 पासून नव्या ग्राहकांना ग्रिडला दिलेल्या युनिटचे मिळणारे मोल सुमारे तीन चतुर्थांशाने घटले. त्यामुळे तुम्हाला मिळणारा दर किती वर्षांसाठी बांधलेला आहे, हे वीज कंपनीकडून लेखी घ्या.

प्रतिसाद २

मी सौर संचांच्या विद्युत जोडणीचे काम करतो, म्हणून तांत्रिक बाजूपुरते लिहितो.

वीज गेल्यावर घर चालू राहील ही समजूत आधी दूर करायला हवी. पॅनेलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणारा, ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर ग्रिडची वीज जाताच स्वतःहून बंद पडतो, मग बाहेर कितीही कडक ऊन असो. वाहिनीवर दुरुस्ती करणाऱ्या कामगाराला तुमच्या गच्चीवरून आलेल्या विजेचा धक्का बसू नये, यासाठी ही व्यवस्था सक्तीची असते. वीज गेल्यावरही पुरवठा हवा असेल तर बॅटरी, हायब्रिड इन्व्हर्टर (बॅटरीवरही चालणारा) आणि निवडक उपकरणांसाठी वेगळी वायरिंग लागते. हा खर्च स्वतंत्र आहे आणि तो बचतीत शोधू नये, कारण तो सोयीसाठी केलेला खर्च आहे.

टाकीच्या सावलीकडे दुर्लक्ष करू नका. पॅनेल एकापुढे एक जोडलेले असतात, त्यामुळे एकाच पॅनेलच्या कोपऱ्यावर पडलेली सावलीही तिच्या आकाराच्या मानाने फार मोठे नुकसान करते. पॅनेलमधील बायपास डायोड (सावलीतला भाग वगळून विजेला वाट देणारे सुटे भाग) हे नुकसान मर्यादित करतात, पूर्ण टाळत नाहीत. जागा बदलणे शक्य नसेल तर प्रत्येक पॅनेलला ऑप्टिमायझर किंवा मायक्रोइन्व्हर्टर (एका पॅनेलची सावली इतरांना बाधू न देणारे उपकरण) लावता येतो, पण जागा बदलणेच सर्वांत स्वस्त पडते.

पॅनेलवर लिहिलेली क्षमता 25 अंश तापमानाला मोजलेली असते. प्रत्यक्षात कडक उन्हात पॅनेल 60 अंशांपर्यंत तापू शकते आणि दर अंशामागे साधारण 0.3 ते 0.4 टक्के उत्पादन घटते, म्हणजे भर दुपारी 10 ते 14 टक्के घट होते. म्हणून पॅनेल छताला चिकटवून न बसवता खाली हवा खेळेल असे बसवावे. अर्थिंग, सर्ज संरक्षण (अचानक वाढलेल्या विद्युतदाबापासून बचाव) आणि डीसी आयसोलेटर (पॅनेलकडून येणारी वीज तोडणारा स्विच) यांत मात्र काटकसर करू देऊ नका.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. दुपारच्या वापराचा मुद्दा आमच्या लक्षातच आला नव्हता. पुढे देखभालीला किती खर्च येतो, आणि कर्ज काढून संच बसवणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद ३

आमच्या घरी बरीच वर्षे सौर संच आहे. पॅनेलबद्दल तक्रार नाही. उत्पादन वर्षाला साधारण अर्ध्या टक्क्याने घटते आणि 25 वर्षांची वॉरंटी सर्रास मिळते. इन्व्हर्टरचे तसे नाही. तो 10 ते 15 वर्षांत बदलावा लागेल असे धरून त्याची किंमत आजच हिशेबात घ्या.

साफसफाईला पाणी आणि मऊ फडके पुरते, पण ती नियमित हवी. पॅनेलचा उतार कमी असेल तर पावसाने धुतलेली धूळ खालच्या चौकटीपाशी साचून वाळते आणि तिथे चिखलाचा पातळ पट्टा तयार होतो. वरचे सगळे पॅनेल लख्ख दिसत असते, तरीही तो पट्टा खालच्या ओळीतील सेल (पॅनेलमधील वीज तयार करणारे छोटे चौकोन) झाकून उत्पादन घटवतो. संचाचे उत्पादन दाखवणाऱ्या ॲपमधला दुपारचा आलेख अकारण खाली आला, तर मी आधी तिथेच पाहतो.

कर्जाबाबत सांगायचे तर वार्षिक बचत हप्त्यांपेक्षा कमी असेल, तर फरक खिशातून भरण्याची तयारी हवी. पहिल्या प्रतिसादातील 2,220 युनिटचा आकडा घेऊन हप्ता ताडून पाहा, विक्रेत्याचा आकडा घेऊ नका.

प्रतिसाद ४

पैशांच्या हिशेबात एक गोष्ट मागे पडली. पॅनेल बनवायला लागलेली ऊर्जा ते साधारण एक ते दोन वर्षांत परत देते आणि पुढे दोन दशकांहून अधिक काळ काम करते. वसुली थोडी लांबली तरी संच बसवण्यामागे मला हे कारण पुरेसे वाटते.

मात्र गच्चीचे जलरोधन जुने असेल तर ते आधी करून घ्या. नंतर गळती लागली की सगळे पॅनेल उतरवून पुन्हा चढवावे लागतात. सांगाड्याच्या खिळ्यांमुळे गळती झाली तर दुरुस्ती कोणी करायची आणि उतरवण्या-चढवण्याचा खर्च कोणी सोसायचा, याचे कलम करारनाम्यात लिहून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.