चूल, शेगडी, स्टोव्ह, गॅस : तुमच्या घरातला विस्तव कसा पेटायचा?

गॅसची कळ फिरवली, लायटर दाबला की निळी ज्योत. यात सांगण्यासारखं काही आहे असं माझ्या मुलीला वाटतच नाही. तिच्या पणजीला मात्र विस्तव जपावा लागे. रात्री निखारे राखेत झाकायचे, पहाटे फुंकणीने फुलवायचे, आणि विझलेच तर शेजारी विस्तव मागायला जायचं. घरात काडेपेटी होती, पण काडी जपून ओढायची.

बर्मा शेलने १९५५ मध्ये मुंबईत घरगुती गॅस आणला. गावोगावी पोचायला त्याला कितीतरी दशकं लागली, म्हणून आपल्यापैकी अनेकांनी एकाच आयुष्यात हे सगळे प्रकार पाहिलेत. तुमच्याकडे काय होतं, ते पेटवायला काय करावं लागे, ते लिहा. नुसतं ‘तेव्हा किती छान होतं’ नको, धूरही येऊ द्या.

मिरज
आमच्याकडे पितळी पंपाचा स्टोव्ह होता. स्वीडनमध्ये १८९२ च्या सुमारास निघालेल्या प्रायमसचा हा वंश. आजी तर कुठल्याही स्टोव्हला प्रायमसच म्हणायची. काकडा स्पिरिटमध्ये बुडवून बर्नरखाली अडकवायचा आणि पेटवायचा. बर्नर तापला की चावी आवळून पंप मारायचा. घाई केली तर रॉकेलची वाफ होत नाही आणि पिवळा भडका वर उठतो. भोकात कचरा अडकला की आवाज बदलायचा. आई दुसऱ्या खोलीतून नुसत्या आवाजावरून ओरडायची, “अगं, पिन मार!” पिन आतच मोडली तर स्वयंपाक तिथेच थांबला.

‘स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली’ अशा बातम्या तेव्हा पेपरात सारख्या यायच्या. आई आम्हाला स्टोव्हजवळ फिरकू द्यायची नाही. त्यातल्या कितीतरी बातम्यांमागे अपघात नव्हताच, हे मोठेपणी कळलं. तेव्हापासून त्या स्टोव्हची आठवण मला निव्वळ गोड वाटत नाही.

गिरगाव
ताई, ‘पिन मार’ किती वर्षांनी कानावर आलं! आमच्या चाळीत भुशाची शेगडीही होती. वखारीतून लाकडाचा भुसा आणायचा. शेगडीत मधोमध बाटली उभी धरून भोवती भुसा ठासून भरायचा आणि बाटली अलगद फिरवत वर काढायची. ती जागा पोकळ राहिली पाहिजे. भुसा ढासळला की सगळं पुन्हा. नीट जमली तर मंद आचेवर डाळ छान शिजायची. रॉकेल रेशनवर मिळायचं, रांगेत डब्यांचाच नंबर लागायचा, म्हणून भुशाचा मोठा आधार होता.

रत्नागिरी
आमचा तांब्याचा बंब. त्यात करवंट्या, नारळाची सोडणं, वाळका पालापातेरा. तो पेटवणं हे मुलांचं काम, आणि पावसाळ्यात ओल्या जळणापुढे डोळे चोळत बसणंही मुलांचंच. नातू आता गीझरचं बटण दाबून क्रिकेट बघतो. त्याला ते मिळालं याचा मला आनंदच आहे.

ठाणे
ऐंशीच्या दशकात गॅससाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची. ओळख असली तर खासदारांच्या कोट्यातून मिळायचा. माझं लग्न ठरताना आईने मुलाकडच्यांना विचारलेला पहिला प्रश्न होता, “गॅस आहे ना?” सिलिंडर आलं त्या दिवशी सासूबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं. सासूबाईंचे डोळे धुराने कायमचे लाल असत, म्हणून त्या पूजेला मी कधी हसले नाही.

बीड
वरचे सगळे ‘होतं’ असं लिहितायत, आमच्याकडे ते अजून आहे. आई ऊसतोडीला जाते. कोपीपुढे, म्हणजे फडाजवळच्या झोपडीपुढे, तीन दगडांची चूल, पहाटे पाचटाचा, म्हणजे उसाच्या वाळक्या पानांचा जाळ, त्यावर दिवसभराच्या भाकरी. पाचट भुर्रकन जळतं, म्हणून एकीने थापायचं आणि दुसरीने सारखा जाळ सारायचा. जाळ सारायचं काम माझं असायचं. दव पडलेलं पाचट पेटत नाही, नुसतं धुमसतं.

२०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून गावाकडच्या घरात गॅस आला. आई तो चहाला आणि पाहुण्यांपुरता वापरते, कारण सिलिंडर भरून आणायचं तर हजेरीचे पैसे मोडावे लागतात. मी आता लातूरला खोलीवर राहून शिकते आणि लायटर दाबते.

कमी जळणात चालणारी, उचलून नेता येईल अशी चूल कुणी वापरली असेल तर सांगा. दसऱ्यानंतर टोळी निघते, त्याआधी आईला घेऊन द्यायची आहे.