जानेवारीत व्हेनिस: आई-बाबांना न्यावं का?

कोथरूडकर: नवऱ्याला रजा जानेवारीच्या मध्यातच मिळतेय. आई-बाबा सोबत आहेत, दोघंही सत्तरीला टेकलेत. आईचे गुडघे दुखतात, ती शाकाहारी आहे (अंडं चालतं). ज्याला विचारावं तो घाबरवतोय, "पाणी भरतं, सगळं बंद असतं." हॉटेल मेस्त्रेला, म्हणजे व्हेनिसबाहेर जमिनीवरच्या उपनगरात घ्यायचा विचार आहे, स्वस्त पडतंय. हिवाळ्यात कुणी गेलंय का?

पादोवावाला: मी पादोव्यात राहतो, रेल्वेने अर्ध्या तासावर. व्हेनिसला जातो तो हिवाळ्यातच. उन्हाळ्यातली ती रेटारेटी आपल्याला झेपत नाही.

आधी पाण्याचं. 12 नोव्हेंबर 2019 ला पाणी 187 सेंटिमीटरपर्यंत चढलं होतं, ते व्हिडिओ अजून फिरतात. पण ऑक्टोबर 2020 पासून समुद्राच्या तोंडावर 'मोझे'चे 78 दरवाजे आहेत, मोठ्या भरतीचा अंदाज आला की ते वर उचलतात. सान मार्कोचा चौक सखल, तिथे लहान भरतीलाही पाणी येतं, पण काही तासांत ओसरतं. उलट जानेवारी-फेब्रुवारीत कधीकधी ओहोटी एवढी लागते की छोट्या कालव्यांत गोंडोले चिखलात बसलेले दिसतात. हे मात्र कुणी सांगत नाही!

खरा प्रश्न काकूंच्या गुडघ्यांचा. गावात चारशेच्या वर पूल, आणि बहुतेकांना पायऱ्या. त्यामुळे हॉटेल निवडताना एकच बघा: वापोरेत्तोच्या, म्हणजे बोटीच्या थांब्यापासून दारापर्यंत पूल लागतो का? हॉटेलवाल्याला सरळ ईमेल करून विचारा. फिरायला 1 नंबरची बोट धरा. ती ग्रँड कॅनालमधून रमतगमत जाते, दोन्ही काठांचे महाल बसल्या जागी दिसतात.

मेस्त्रे नकोच. पाचच्या सुमारास अंधार पडतो, दिवसभरासाठी आलेले लोक स्टेशनकडे सुटतात आणि मग गल्ल्यांमध्ये आपल्याच बुटांचा आवाज ऐकू येतो. ते सोडून तुम्ही ट्रेन गाठायला पळणार? कार्निव्हलच्या, म्हणजे मुखवट्यांच्या उत्सवाच्या आधी गावातल्या खोल्यांचे दरही बरेच उतरतात. 6 जानेवारीनंतर काही छोटी हॉटेलं, खानावळी रजेवर जातात, पण दोजेंचा (व्हेनिसच्या जुन्या राज्यप्रमुखांचा) राजवाडा, सान मार्कोची बॅसिलिका म्हणजे मोठं चर्च, चालू असतात. थंडी ओली, हाडात शिरणारी. आणि दाट धुक्यात काही बोटी बंद राहतात, तेव्हा विमानाच्या दिवशी वेळ हाताशी ठेवा.

सुगरण७८: खाण्याचं मी सांगते. 'बिगोली इन साल्सा' दिसायला साधा कांद्याचा पास्ता, पण त्यात मासा विरघळवलेला असतो. 'पास्ता ए फाजोली' म्हणजे राजम्यासारख्या दाण्यांचं दाट सूप, त्यात डुकराचं मांस आहे का ते विचाराच. पोलेंता (मक्याच्या पिठाचा घट्ट सांजा) आणि मशरूम निर्धास्त मागवा. त्रेविझो गावचा लाल रादिक्यो, एक पालेभाजी, याच दिवसांत मिळतो, चवीला कडसर. बेकरीत 'फ्रितोले' दिसले तर सोडू नका, बेदाणे घातलेले तळलेले गोळे असतात. अंडं चालतंय म्हणून सांगतेय.

कोथरूडकर: मेस्त्रे रद्द! पण बाबांना गोंडोला हवाच आहे, लुटतात का हो?

पादोवावाला: सरकारी दर दिवसा अर्ध्या तासाला 90 युरो, माणशी नाही, अख्ख्या बोटीचा. तुम्ही चौघं एकीत मावता. संध्याकाळी सातनंतर दर वाढतो, म्हणून दुपारचं ऊन बघून बसा. चढण्याआधी वेळ आणि पैसे दोन्ही बोलून घ्या. आणि काकांना कानटोपी घाला, पाण्यावरचं वारं बोचरं असतं.