मदत हवी आहे: जुन्या फ्रेंच कॉन्फीच्या मडक्याला लोणा लागतोय

नैऋत्य फ्रान्समधलं, कॉन्फी म्हणजे चरबीत शिजवलेलं मांस साठवायचं मडकं आहे, उंची २८ सेंमी, दोन कान. आतून पूर्ण आणि बाहेरून वरच्या अर्ध्या भागाला पिवळी झिलई, खाली नुसती भाजलेली माती. त्या कोऱ्या भागावर पांढरी पूड येते. ब्रशने झाडली तरी पंधरा दिवसांत परत. झिलईच्या कडेला नखाएवढे दोन पोपडे सुटलेत. आत खवट वास. ब्लीचमध्ये बुडवू का? नंतर लोणचं भरलं तर चालेल?

प्रतिसाद १
ब्लीच अजिबात नको. ते वाळल्यावर मागे मीठच उरतं, आणि तुमचं दुखणं मिठाचंच आहे. कॉन्फीसाठी बदकाचं मांस आधी मीठ लावून मुरवतात, मग चरबीत शिजवून चरबीखालीच साठवतात. झिलईतल्या केसासारख्या भेगांतून मीठ आणि चरबी दोन्ही मातीत मुरतात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की मीठ विरघळतं, उतरली की पुन्हा स्फटिक धरतं. तो स्फटिक झिलईच्या मागे धरला, की पोपडा सुटतो.

म्हणून आधी पोपडे जागेवर चिकटवा: पॅरालॉइड बी-७२ (जुन्या वस्तू जोडायला वापरतात ती ॲक्रिलिक राळ) ॲसिटोनमध्ये साधारण ५ टक्के विरघळवून बारीक ब्रशने कडेतून आत सोडा. पूर्ण वाळेपर्यंत पाणी लावू नका.

मडकं बुडवूही नका. पाणी शिरताना आतली हवा बाहेर पडते आणि सुटलेली झिलई ढकलते. डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेला कागदाचा लगदा फक्त कोऱ्या भागावर १ सेंमी जाड थापा, सावलीत वाळू द्या, काढा, नवा थापा. काढलेला लगदा दर वेळी सारख्याच मापाच्या डिस्टिल्ड पाण्यात कालवून टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) बघा. आकडा उतरायचा थांबला की थांबा. तीन-चार फेऱ्या तरी धराच.

प्रतिसाद २
लोणच्याचं मात्र विसरा. आपली लोणच्याची बरणी उंच आचेवर भाजलेली, घट्ट अंगाची असते. ही कमी आचेची माती आणि वर शिशाची झिलई. आंबट आणि खारट पदार्थात शिसं उतरतं. स्वच्छ करायला व्हिनेगरही नको, त्याच कारणाने.

प्रश्नकर्ता
तेलाचे तपकिरी डाग?

प्रतिसाद २
राहू द्या. खालचा भाग तळघराच्या मातीत पुरत असत, असं सांगतात. तो डाग आणि कोरी माती हीच या मडक्याची ओळख. वास उघड्या हवेत हळूहळू विरतो.

शेल्फवर ठेवताना कानाला धरून उचलू नका, एक हात तळाखाली घ्या. खाली फेल्ट, आत कोरड्या वाळूची कापडी पिशवी, म्हणजे डुगडुगणार नाही. हीटर आणि बाथरूमपासून लांब. फुलं ठेवायची तर आत वेगळा काचेचा ग्लास, पाणी त्यातच.