तेरा वर्षांच्या पोराला वजन उतरवायला लावणारे पालक : तुमचं काय मत?

कात्रजचा मामा (धागाकर्ता)

आमच्या कात्रज-आंबेगाव पट्ट्यात कुस्ती संकुलं बरीच आहेत, बीड सोलापूर लातूर कुठनं कुठनं पोरं येऊन राहतात. माझा भाचा पण त्यातलाच, वय १३. पहाटे साडेचारला उठायचं, पाच ते आठ मेहनत, मग नावापुरती शाळा, दुपारी जरा झोप आणि चारला परत मॅटवर ते सातपर्यंत. रविवारी संध्याकाळी सुट्टी, त्यात कपडे धुवायचे.

वस्तादांवर माझा राग नाही हे आधीच सांगतो, माणूस चांगला आहे, पोरांवर जीव आहे. माझा प्रश्न पालकांचा आहे. आमचे दाजी रोज रात्री फोन करतात आणि पोरगं जेवलं का, शाळेत गेलं का, काही नाही, पहिला प्रश्न वजन किती. भाचा ४६ किलो भरतोय. पंधरा वर्षांखालच्या गटात ४४ आहे, ४८ आहे, पण दाजींना त्याला ४१ मध्ये खेळवायचाय कारण ४१ मध्ये जोड, म्हणजे समोरचे पैलवान, हलके आहेत, मेडल पक्कं म्हणे. म्हणून पोरगं रात्रीचं जेवण सोडतंय आणि स्वेटरवर जर्किन घालून पळतंय, तेही ऐन मे महिन्यात. वस्ताद नको म्हणाले तर दाजी म्हणतात दुसरीकडं टाकतो, संकुलं काय कमी आहेत का.

परवा मला म्हणाला मामा, गुडघा दुखतो असं सांगितलं तर घरी पाठवतील का. गुडघा दुखत नाहीये, मी दाबून बघितला. पोराला दुखणं पाहिजे झालंय, कारण थकलो म्हणायची सोय नाही. माझं मत सरळ आहे, सोळाव्या वर्षापर्यंत बापानं वजनकाट्यापासून लांब राहावं. तुम्हाला काय वाटतं?

मुळशीचा पैलवान

मामा तुमची भावना समजली पण पुण्यात बसून हे बोलणं सोपं आहे. तुमच्या दाजींची जमीन किती आणि त्यात पाणी किती ते आधी सांगा. मेस, खुराक, फी मिळून पंधरा-वीस हजार महिन्याला कुठं जात नाहीत, बदाम काय भाव झालेत बघा, आणि हे सगळं माणूस दूध घालून, कर्ज काढून भरतोय तर तो वजन विचारणारच ना. कुस्ती ही लहानपणीच अंगात भरावी लागते, विसाव्या वर्षी कुणी ढाक डाव शिकत नाही. खाशाबा जाधवांना त्यांच्या वडलांनीच पाचव्या वर्षी कुस्तीत घातलं, १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आलं ते काय सुट्ट्या घेऊन आलं का? आणि राहुल आवारे बघा, पाटोद्यावरनं लहानपणी पुण्यात आला, गोकुळ वस्ताद तालमीत बिराजदार मामांच्या हाताखाली घडला, २०१८ ला कॉमनवेल्थचं गोल्ड आणि पुढं पोलिसात डीवायएसपी झाला. घरच्यांनी पाठवलं म्हणूनच ना.

सदाशिवपेठी

खाशाबांचं उदाहरण प्रत्येक धाग्यात येतं म्हणून जरा पुरतं सांगतो. ते कराडला टिळक हायस्कूलमध्ये शिकले, मग कोल्हापूरला राजाराम कॉलेजात. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. म्हणजे तो पैलवान कॉलेजात शिकला होता आणि पाठीशी प्राचार्य उभे होते! तुमच्या संकुलातली किती पोरं शाळेच्या बाकावर बसतात हो? हजेरी लावणाऱ्या शाळा आम्हालाही माहीत आहेत.

मुळशीचा पैलवान

बाकावर बसून तरी काय होतंय, इंजिनियर झालेली पोरं हिंजवडीत बायोडेटा घेऊन फिरतायत. पैलवानाला निदान क्रीडा कोटा आहे, ५ टक्के आरक्षण आहे सरकारी नोकरीत.

माजी ७४ किलो

कोट्यावर बोलतो कारण मी त्याच रांगेत होतो. त्या ५ टक्क्यांसाठी ठराविक स्पर्धेचं ठराविक मेडल लागतं, तालुक्याला मारलेल्या कुस्त्या आणि जत्रेतली इनामं त्यात धरत नाहीत. आमच्या तालमीत एका वेळी चाळीसेक पोरं असायची, वर्दी दोघा-तिघांच्या अंगावर आली. बाकीचे? एक गाडी चालवतो, दोन-तीन जिममध्ये ट्रेनर, एकाची चहाची गाडी स्वारगेटला, बरेच गावी. कुणी वाईट नाही, पण दहावी नीट झालेली कुणाचीच नव्हती आणि हे त्यांच्या घरच्यांना कुणी आधी सांगितलं नव्हतं.

आणि थकण्याचं म्हणाल तर अंगाचा थकवा पैलवानाला कळतो, मालिश केली, झोपला की जातो. दुसरा असतो तो जात नाही. सपाट्या मारताना आकडा विसरायला होतं, जोड समोर आला की हरू दे लवकर म्हणजे सुटू असं वाटतं. मला सतराव्या वर्षी असं झालं, वडलांना सांगितलं तर म्हणाले अंगात आळस भरलाय, खुराक वाढवला. तुपानं काय होणार होतं. पुढच्या वर्षी आखाडा सुटला तो सुटलाच, कान तेवढे मोडलेले राहिले. भाचा गुडघा दुखतो म्हणतोय ना, ते ऐका मामा.

वारज्याची आई

माझी मुलगी पण खेळते म्हणून लिहिते. २०२३ ला सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडी जिंकली, तेव्हापासून आमच्याकडे हेच वेड. मी विरोधात नाही, उलट मीच तिला पहाटे स्कूटीवर सोडते. पण मुलींच्या बाबतीत वजनाचं हे प्रकरण अजून वाईट आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. तिच्या बरोबरच्या एका मुलीची पाळी चार-पाच महिने आली नव्हती आणि तिची आई म्हणते बरंच आहे की, स्पर्धेत अडचण नाही. अहो अडचण नाही काय? जेवढी मेहनत तेवढं पोटात जात नाही म्हणून शरीर ते काम बंद करतं, पुढं हाडं ठिसूळ होतात. डॉक्टरांनी सांगितल्यावर माझ्याच पायाखालची जमीन सरकली.

मुळशीचा पैलवान

ताई मुलींचं वेगळं आहे, मला त्यातलं कळत नाही. पण वजन उतरवणं हा खेळाचाच भाग आहे ओ. पॅरिस ऑलिंपिकला अमन सेहरावतनं सेमी हरल्यावर रातोरात साडेचार किलो उतरवलं, सकाळी वजन दिलं आणि त्याच दिवशी ५७ मध्ये ब्राँझ मारलं. हे जमतं त्यालाच पैलवान म्हणतात.

फिजिओ, कर्वेनगर

अमनचंच उदाहरण घेऊ. ४.६ किलो, साधारण दहा तासात, पण तो २१ वर्षांचा आणि सोबत कोच, फिजिओ रात्रभर जागे. त्याच पॅरिसमध्ये विनेश फोगट रात्रभर सगळं करूनही ५० मध्ये १०० ग्रॅम जास्त भरली आणि फायनलला मुकली, नंतर सलाईन लावावं लागलं. जगातल्या सगळ्यात चांगल्या टीमला जे धड जमलं नाही ते तुम्ही होस्टेलच्या खोलीत तेरा वर्षांच्या मुलावर करताय! अमेरिकेत १९९७ साली महिनाभरात कॉलेजचे तीन पैलवान वजन उतरवताना गेले. रबरी सूट घालून, गरम खोलीत सायकल मारत. ती पोरं १९ ते २२ वयाची होती. त्यानंतर तिथं हे सूट, वाफेच्या खोल्या सगळं बंद केलं आणि वजनाचे नियम बदलले.

भाच्याच्या बाबतीत तर हिशोबच उलटा आहे. ४६ वरनं ४१ म्हणजे अंगाचा दहावा हिस्सा झाला. पाण्यावाटे दोन टक्के वजन गेलं तरी दमसास कमी होतो. आणि हे वय उंची वाढण्याचं, हाडांची टोकं अजून कच्ची, आज ४६ आहे तो सहा महिन्यांत आपोआप ५० होणार, त्याला कुठवर धरून ठेवणार? वर झोप. या वयाला ८ ते १० तास लागते, साडेचारला उठायचं तर साडेआठला दिवा बंद पाहिजे, आणि तुमचे दाजी फोन रात्रीचा करतात म्हणता.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं आहे की मुलांना आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी हवी आणि मुख्य खेळातनं वर्षाकाठी तीन महिने, सलग नाही तरी एक एक महिना करून. एवढं इथं कुणी देणार नाही मला माहीत आहे. निदान रविवार तरी अख्खा द्या.

मुळशीचा पैलवान

तीन महिने सुट्टी! त्यात शेजारचं पोरगं पुढं जाईल त्याचं काय? सीझन दिवाळीनंतर सुरू होतो, जत्रा चैत्रात, मग पावसाळ्यात मेहनत नाही केली तर कधी करणार? बाकी हाडाबिडाचं तुम्ही म्हणता ते खरं असेल, वजनाचं मीही मानतो की पाच किलो जास्त होतंय, दोन ठीक आहे. पण बापानं लक्षच घालू नये हे पटत नाही. बाप नसला की पोरगं रात्री मोबाईल बघत बसतं.

सदाशिवपेठी

अमन अकरा वर्षांचा असताना त्याचे आई-वडील दोघंही गेले. दिल्लीच्या छत्रसाल आखाड्यात वाढला, मॅटच्या कडेला ओरडणारा बाप नव्हता.

माजी ७४ किलो

हे जरा कडू बोललात शेठ. बाप नसणं चांगलं असं कुणी म्हणू नये. माझे वडील चुकले, पण यष्टीनं दर महिन्याला तुपाचा डबा घेऊन तेच यायचे, उभ्यानं. कडेला बसून ‘पट काढ पट काढ’ ओरडणं आणि हरल्यावर गाडीत बसेपर्यंत न बोलणं, एवढं सोडलं असतं तरी पुष्कळ होतं.

वारज्याची आई

मामा, एक नियम बघा. जागतिक कुस्ती संघटनेचा पंधरा वर्षांखालचा गट मुळात १४-१५ वयासाठी आहे. १३ च्या मुलाला खेळवायचं तर डॉक्टरचं सर्टिफिकेट आणि पालकांची सही लागते. इकडच्या स्पर्धेत काय मागतात ते वस्तादांना विचारा. डॉक्टरकडे तुम्ही स्वतः घेऊन जा, वजन, उंची, रक्त सगळं करून घ्या. ४६ चा मुलगा ४१ ला नेतोय म्हटल्यावर कुठला शहाणा डॉक्टर लिहून देईल?

मुळशीचा पैलवान

सर्टिफिकेट कसं मिळतं ते तुम्हालाही माहीत आहे ताई.

कात्रजचा मामा (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार, पैलवान तुमचे पण. जमीन अडीच एकर, पाणी दिवाळीपर्यंत, विचारलंत म्हणून सांगितलं. वस्तादांशी आज बोललो, ते ४८ ला खेळवायला तयार आहेत, हरला तर हरू दे म्हणतात, अंगात भरेल पुढच्या वर्षी. शनिवारी रक्त तपासायला नेतोय. एकच विचारायचंय, त्या कागदावर आईची सही चालते का? ताईशी, म्हणजे भाच्याच्या आईशी, बोलणं झालंय माझं.

वारज्याची आई

पालक म्हटलंय, मग आई का नाही चालणार. मी करते की.

मुळशीचा पैलवान

चालेल, पण दाजींना सांगून करा. मागाहून कळलं तर पोरगं महिनाअखेरीला दुसऱ्या संकुलात दिसेल.