मंडळात राजकारणावरून दोन तट पडलेत, उपाय काय?

वाचनवेल्हाळ:
आमच्या सांस्कृतिक मंडळात १६ सभासद. राजकीय मतांवरून १० एकीकडे, ६ दुसरीकडे. वादविवाद ठेवला की दोन्हीकडचे लोक आपापलं मत आणखी पक्कं करून घरी जातात. आता दोन सूचना आल्या आहेत: सहभोजन, नाहीतर ‘समान मूल्यं’ या विषयावर परिसंवाद. हातात तीन महिने आहेत. यातून काही साधेल का?

तिसरी घंटा:
परिसंवाद नकोच. व्यासपीठावरून प्रामाणिकपणा आणि न्याय सगळ्यांनाच हवे असतात. भांडण होतं ते हिशेब कोणी तपासायचा यावर.

सहभोजनाचं म्हणाल तर, मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांनी १९५४ साली ओक्लाहोमातल्या एका शिबिरात २२ मुलांचे दोन गट करून त्यांच्यात चुरस लावली. वैर वाढल्यावर त्यांना एकत्र जेवायला बसवलं, तर मुलांनी एकमेकांवर अन्न फेकलं. फरक पडायला लागला तो पाणीपुरवठा बंद पडल्यावर आणि अडलेला ट्रक सगळ्यांनी मिळून ओढल्यावर. (संशोधकांनीच मुलांना एकमेकांविरुद्ध चिथावलं, ही त्या प्रयोगावरची टीका रास्तच आहे.) मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी त्याच वर्षी भेटीगाठींचा उपयोग व्हायला चार अटी सांगितल्या: बरोबरीचा दर्जा, सामाईक उद्दिष्ट, सहकार्य आणि संस्थेचा पाठिंबा.

म्हणून नाटक बसवा. तासाभराचं, आणि प्रचारकी नसलेलं. कामं वाटताना जोड्या मिश्र ठेवा, आणि एकाचं काम दुसऱ्यावाचून अडेल अशा. प्रकाशयोजना एका बाजूच्या माणसाकडे, पार्श्वसंगीत दुसऱ्या बाजूच्या. दिवे मंदावल्याशिवाय संगीत सुरू करता येत नाही, म्हणजे क्यू-शीट (कोणत्या क्षणी काय सुरू करायचं, याची यादी) दोघांना शेजारी बसूनच लिहावी लागते. आठवड्याला दोन तालमी, प्रत्येकी दोन तास.

हमखास बिघडतं ते इथे:
- दिग्दर्शक, सूत्रसंचालक, खजिनदार तिघेही बहुसंख्य बाजूचे. मग उरलेले सहा जण खुर्च्या उचलणारे होतात आणि बरोबरीच्या दर्जाची अट तिथेच मोडते. दिग्दर्शन एकीकडे, निर्मिती-व्यवस्था दुसरीकडे द्या. खर्चावर दोन्हीकडची एकेक सही.
- एखाद्या कामात सहा जणांपैकी एकटाच माणूस. त्याला सतत त्याच्या पक्षाचा प्रतिनिधी म्हणून वागवलं जातं. चारपेक्षा मोठ्या गटात दुसरीकडचे निदान दोघे हवेत.
- प्रयोग फसला तर खापर समोरच्या बाजूवर फुटतं आणि आधीपेक्षा कडवटपणा वाढतो. पहिलं नाटक तुमच्या आवाक्यातलंच घ्या.
- तालमीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर राजकीय फॉरवर्ड. ग्रुप फक्त वेळापत्रक आणि निरोपांसाठी, ॲडमिन दोन्हीकडचे.

काठावरचा:
नाटकाने नाटकापुरतं जमतं, एवढी अपेक्षा ठेवा. संशोधक सलमा मूसा यांनी इराकमध्ये ख्रिस्ती फुटबॉल संघांपैकी काहींत मुस्लिम खेळाडू घातले. तो अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. मिश्र संघांतले खेळाडू स्पर्धा संपल्यावरही मुस्लिम खेळाडूंबरोबर सराव करत राहिले, पण मैदानाबाहेर अनोळखी मुस्लिमांशी वागण्यात फारसा बदल दिसला नाही. राजकारणावर कधीतरी समोरासमोर बोलावंच लागेल.

वाचनवेल्हाळ:
ते कधी, आणि कसं? समोरच्या बाजूचे लेख ग्रुपवर टाकायचे असं काही जण म्हणतात.

सावकाश:
लेख टाकू नका. समाजशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर बेल आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये हेच तपासलं. अमेरिकेतल्या ट्विटर वापरणाऱ्यांना महिनाभर विरुद्ध बाजूचा मजकूर दाखवला, तर रिपब्लिकन आणखी उजवीकडे सरकले. डेमोक्रॅट जवळपास होते तिथेच राहिले. अनोळखी आवाजातला युक्तिवाद हल्ल्यासारखा वाटतो.

नाटकाचा प्रयोग झाल्यावर दोन आठवड्यांत बैठक घ्या, त्याआधी नको. तिघांचे गट, एकूण ९० मिनिटं. पहिला तीन मिनिटं बोलतो. प्रश्न ‘तुमचं मत काय’ असा ठेवू नका; ‘हे मत बनताना काय पाहिलंत, काय सोसलंत’ असं विचारा. दुसरा ते स्वतःच्या शब्दांत परत सांगतो. पहिल्याने ‘हो, हेच म्हणायचं होतं’ म्हटल्याशिवाय दुसऱ्याला उत्तर द्यायची मुभा नाही. तिसरा घड्याळ बघतो. मग भूमिका बदलायच्या. पहिल्या फेरीत दुसरा बहुतेक वेळा सांगता सांगता खोडून काढायला लागतो: ‘म्हणजे तुमचं म्हणणं असं की कायदा मोडला तरी चालेल.’ तिथे तिसऱ्याने थांबवून पुन्हा सांगायला लावायचं. रागावायचं नाही, पण सोडायचंही नाही.

बैठकीच्या आठवडाभर आधी एक चिठ्ठीही फिरवा, निनावी. त्यावर फक्त आपण कोणत्या बाजूचे एवढी खूण आणि पाच विधानं. प्रत्येकाने स्वतःचं उत्तर द्यायचं आणि समोरच्या बाजूचे किती जण ‘हो’ म्हणतील याचा अंदाज लिहायचा. विधानं टोकाची नकोत, ‘निवडणूक हरल्यावर निकाल मान्य करावा’ अशा जातीची हवीत. अंदाज आणि खरे आकडे शेजारी मांडून फलकावर लावा. समोरच्यांना आपण आहेत त्यापेक्षा जास्त टोकाचं समजतो, हे बहुतेकदा त्यातच दिसतं, आणि ते कोणी भाषण करून सांगावं लागत नाही.

तिसरी घंटा:
चिठ्ठ्या मोजायला दोघं बसवा, एकेका बाजूचा एकेक. नाहीतर आकड्यांवरूनच नवं भांडण.