स्पीच थेरपी: कायदे झाले, आता आधी काय मागायचं?

मंजिरी_नांदेड
थेट सांगते. पुढची काही वर्षं आपल्या व्यवसायाने एकच मागणी लावून धरावी: प्रत्येक जिल्ह्यात कान तपासणारा वेगळा आणि वाचा-उपचार करणारा वेगळा माणूस.

आपण बरंच मिळवलंय आणि त्याचा मला अभिमान आहे. १९९२ च्या पुनर्वसन परिषद कायद्याने नोंदणी सक्तीची झाली. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आपल्या पालघरमधून सुरू झाला आणि जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीत, आपलं पद आलं. २०१४ मध्ये एडिप या केंद्राच्या साहाय्यक उपकरणांच्या योजनेत लहान मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटला, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायच्या ऐकण्याच्या यंत्राला, ६ लाखांपर्यंत मदत मिळू लागली. वांद्र्याची अली यावर जंग संस्था त्याचं काम बघते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत वाचा व भाषा अपंगत्वाची नोंद झाली.

पण डीईआयसीत पद एकच, ‘ऑडिऑलॉजिस्ट व स्पीच थेरपिस्ट’. त्याच माणसाने बेरा, म्हणजे श्रवणशक्तीची यंत्रावरची चाचणी, करायची, दिव्यांग प्रमाणपत्राच्या दिवशी रांग संपवायची आणि उरलेल्या वेळात थेरपी द्यायची. इम्प्लांट झालेलं मूल यंत्र सुरू केल्यावर लगेच बोलत नाही. कानावर पडणाऱ्या आवाजाला अर्थ असतो हे त्याला आठवड्यामागून आठवडे शिकवावं लागतं. मुंबईत ऑपरेशन होऊन मूल गावी परततं तेव्हा तिथे शिकवणारं कुणी नसेल, तर ते लाखो रुपये कुठे गेले?

पुणे_बीएएसएलपी
मंजिरीताई, पूर्ण असहमत. पदं मागण्याआधी त्यावर कोण बसणार ते ठरवा. गल्लोगल्ली ‘स्पीच थेरपी सेंटर’चे बोर्ड लागलेत. कुणी ऑनलाइन सर्टिफिकेट घेतलंय, कुणी एक वर्षाचा डिप्लोमा केलाय. नोंदणीशिवाय व्यवसाय केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं १९९२ चा कायदा सांगतो. हजार रुपये आज एक-दोन सेशनमध्ये वसूल होतात. ऑटिझम असलेल्या मुलाच्या जिभेला महिनोन् महिने नुसता मसाज करणारे मी पाहिलेत. पहिली काही वर्षं भाषेसाठी सगळ्यात मोलाची, आणि ती अशी वाया जातात. आधी दंड वाढवा, तक्रार घ्यायला जिल्ह्यात अधिकारी नेमा. पदांचं नंतर बघू.

डीएचएलएस_लातूर
बोगस लोकांच्या पंक्तीत आम्हाला बसवू नका. माझा पुनर्वसन परिषदेचा (आरसीआय) नोंदणी नंबर आहे, डीएचएलएस हा डिप्लोमा मान्यताप्राप्त आहे. तुमचे बीएएसएलपी पदवीधर चार वर्षं शिकून पुण्या-मुंबईत थांबतात किंवा परदेशी जातात. त्यांनी जायलाही हरकत नाही, पण मग तालुक्याला कोण? माझ्याकडे मजुरीवर जाणारे आईबाप मूल घेऊन येतात. त्यांना पुण्याचा पत्ता देऊ?

पुणे_बीएएसएलपी
दादा, तुमची नोंदणी मान्य, एका दमात सगळ्यांची नावं घ्यायला नको होती. पण डिप्लोमा देखरेखीखाली काम करण्यासाठी आहे. आजाराचं निदान कुणी करायचं, गिळण्याचा त्रास असलेल्या पेशंटला हात कुणी लावायचा, इथे मी मागे हटणार नाही.

डीएचएलएस_लातूर
देखरेख करणारा माणूस जिल्ह्यात आणा, उद्यापासून त्याच्या हाताखाली काम करतो. म्हणजे फिरून मंजिरीताईंचीच मागणी आली की नाही?

आई_किनवट
माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. त्याला समजतं सगळं, पण तोंडाचे स्नायू साथ देत नाहीत. आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात (आयडीसी) तयार झालेलं जेलो नावाचं फुकट ॲप आहे, चित्रावर बोट ठेवलं की आवाज येतो, मराठीतही. ते मला दुसऱ्या एका आईने दाखवलं. त्याआधी भेटलेल्या थेरपिस्टने सांगितलं होतं की असं काही हातात दिलं तर मूल बोलायचा प्रयत्न सोडेल. पुढे व्हिडिओ कॉलवरून शिकवणाऱ्या ताईंनी समजावलं की तसं होत नाही, उलट आवाज काढायला मुलं धजावतात. आमचा आता ‘पाणी’ला ‘पा’ म्हणतो. डिग्री-डिप्लोमा तुम्ही ठरवा. आम्हाला आठवड्यातून एकदा शिकवणारं आणि नवं काही वाचत राहणारं माणूस पाहिजे, फोनवर असलं तरी चालेल.

अडखळतो_तरी_बोलतो
२१ प्रकारांचा उल्लेख आला म्हणून लिहितो. त्या कायद्याच्या व्याख्येत स्वरयंत्र काढलेले आणि वाचाघात झालेले यांची उदाहरणं आहेत, तोतरेपणाचं नावही नाही. पुढे नोकरीतल्या आरक्षणाचं ३४ वं कलम वाचा. अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग, ऑटिझम, मानसिक आजार असे गट आहेत. वाचा व भाषा अपंगत्व त्या यादीत नाहीच. म्हणजे वाचाघातानंतर ज्याचे शब्दच हरवलेत त्यालाही नोकरीत राखीव जागा नाही. यावर तुमच्या व्यासपीठांवरून किती बोललं जातं? तुमच्या मागण्या पदं, दंड, डिग्री अशा तुमच्याच असतात. मुलाखतीत माझं नाव उच्चारायला मला वेळ लागतो तेव्हा समोरचे घड्याळ बघतात. मला अस्खलित करण्याआधी त्यांना थांबायला शिकवा.

वॉर्डातली_थेरपिस्ट
सगळी चर्चा लहान मुलांभोवती चालली आहे. माझा दिवस तोंडाच्या कॅन्सरच्या आणि लकव्याच्या पेशंटमध्ये जातो. तंबाखू-गुटख्याने जबडा, जीभ गेलेली चाळिशीतली माणसं. ऑपरेशन, रेडिएशन झालं की बोलण्याइतकंच गिळणंही नव्याने शिकवावं लागतं. लकव्यानंतर नातेवाईक मायेने चमच्याने पाणी पाजतात, आणि पातळ पाणीच सगळ्यात धोक्याचं असतं. ते श्वासनलिकेत उतरतं, कित्येकांना ठसकाही लागत नाही, मग न्यूमोनिया. अन्न किती घट्ट द्यायचं याची ० ते ७ अशी आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे. स्वयंपाकघरात काट्या-चमच्याने तपासता येते. सिव्हिलमध्ये ती सांगणारं कोण आहे? मंजिरीताई, डीईआयसीपुरतंच मागितलंत तर माझा विरोध आहे.

मंजिरी_नांदेड
वॉर्डातल्या ताई, पटलं. मागणीत सिव्हिलच्या वॉर्डासाठीही पद घालते.

अडखळतो, ३४ व्या कलमाचा मुद्दा आमच्या निवेदनात नाही हे खरं आहे. तो तुम्हीच लिहून द्या, तुमच्या शब्दांत. आम्ही त्यात फेरफार करणार नाही.

पुणेकर, दंड वाढवायच्या मागणीवर मी सही करीन, पण पदांच्या मागणीआधी ती येऊ देणार नाही. बोगस सेंटर बंद केलंत, तर दुसऱ्या दिवशी ते आईबाप कुठे जाणार, याचं उत्तर तुमच्याकडून अजून आलेलं नाही.

पुणे_बीएएसएलपी
चुकीच्या उपचारापेक्षा थोडं थांबणं बरं, हेच माझं उत्तर.

आई_किनवट
थांबायचं किती, ते सांगा. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे.