वाघ वगळून : राष्ट्रीय उद्यानांतल्या निसर्गचित्रणाचे अनुभव

जंगलातून परत आलं की पहिला प्रश्न ठरलेला: "दिसला का?" नाही म्हटलं की विचारणाऱ्याचा रस संपतो. कार्डभर तळी, डोंगर, धुकं, गवत घेऊन आलो असलो तरी ते कुणी बघायला मागत नाही. म्हणून हा धागा. देशातलं असो की परदेशातलं, राष्ट्रीय उद्यानात प्राणी-पक्षी सोडून नुसत्या जागेचा फोटो काढताना काय अनुभव आला ते लिहा. लेन्सची यादी कमी आणि उजेड, वेळा, नियम, गर्दी यांबद्दल जास्त लिहिलंत तर वाचायला मजा येईल. तक्रारीही चालतील. मी मधेमधे येत राहीन.

चांदेकर

आमचं ताडोबा. १९५५ सालचं, महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान. पण निसर्गचित्रणाला अडचणीची जागा. सफारीच्या उघड्या जिप्सीतून पाय खाली ठेवायचा नाही, म्हणजे ट्रायपॉड गेला. मोबाइल आत चालत नाही, म्हणजे उन्हाची दिशा दाखवणारी ॲप्स गेली. आणि गाडी वळणावर थांबवायला सांगितली की गाइडचा जीव कासावीस होतो. "सर, कॉल चालू हाये तिकडं, चला ना पटकन!" (कॉल म्हणजे वाघाची चाहूल लागली की हरणं-माकडं देतात ती हाक.) मी म्हणतो, हे कांडोळाचं झाड बघ, उन्हात कसं पांढरंशुभ्र उभं आहे. तो माझ्याकडे बघतो, ड्रायव्हरकडे बघतो, आणि दोघंही हसतात.

यावर उपाय म्हणजे आपल्यासारखीच खोड असलेली माणसं जमवून पूर्ण जिप्सी घ्यायची. अनोळखी लोकांच्या गाडीत हे करू नये. ते वाघासाठी पैसे भरून आलेले असतात आणि त्यांचं काही चुकत नाही. लोखंडी दांडीवर बीन बॅग टाकायची, ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगायचं आणि सगळ्यांनी क्षणभर श्वास रोखायचा. मागच्या सीटवरचा पाणी प्यायला वळला तरी फोटो हलतो.

ऋतूंचं म्हणाल तर डिसेंबर-जानेवारीत ताडोबा तळ्यावर सकाळी वाफ उठते, ती ऊन वर आलं की गेली. फेब्रुवारीच्या शेवटी पळस, मार्चमध्ये कुसुमाची लाल पालवी. लोक ती फुलंच समजतात. मे महिन्यात वाघासाठी झुंबड असते, पण निसर्गचित्रणासाठी आकाश पार पांढरं पडलेलं. तेव्हा आकाश चौकटीबाहेर ठेवायचं आणि ७०-२०० मिमीच्या लेन्सने बांबूच्या आत घुसायचं. संध्याकाळच्या फेरीत पुढच्या गाडीने उडवलेल्या धुळीत मागून ऊन आलं की सागाच्या रांगा एकामागे एक सुट्या होतात. त्या धुळीला सगळे शिव्या घालतात, मला ती हवीच असते. पावसाळ्यात, जंगल खरं देखणं असतं तेव्हा, जुलै ते सप्टेंबर कोअर, म्हणजे जंगलाचा गाभा, बंद. ते बरोबरच आहे, पण जीव हळहळतो.

बोरिवली पूर्व

आमच्याकडे राष्ट्रीय उद्यान म्हणजे रविवारी सकाळी चालायला जायची जागा. भर पावसात कान्हेरीच्या कातळावरून पाणी वाहायला लागलं की जा. लेण्यांसाठी खोदलेल्या पाण्याच्या टाक्या भरून ओसंडत असतात. वर चढलात तर हिरव्या जंगलाच्या काठाला लागून इमारतींची भिंत दिसते. पूर्वी मी ती भिंत चौकटीतून वगळायचो, आता मुद्दाम घेतो. ती नसेल तर तो फोटो कुठल्याही जंगलाचा होईल.

हिमगौरी

व्हॅली ऑफ फ्लॉवर्स, उत्तराखंड. जाहिरातींतले फोटो बघून गेलात तर पहिल्या दिवशी हिरमोड होईल. "फुलं कुठायत?" असं विचारणारे मला वाटेत भरपूर भेटले. दरी १ जूनला उघडते आणि ३१ ऑक्टोबरला बंद होते, पण रंग खरा चढतो तो जुलैच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत. म्हणजे नेमका पाऊस. गोविंदघाट, पुलना, तिथून चालत घांघरिया आणि दुसऱ्या दिवशी दरी. दरीत मुक्काम करता येत नाही, संध्याकाळच्या आत बाहेर यावं लागतं. पहाटेचं सोनेरी ऊन, सूर्यास्त हे सगळं विसरून जायचं.

सुरुवातीला मला या नियमाचा राग आला होता, नंतर कळलं की तिथे उन्हाची गरजच नाही. गुलाबी तेरड्याचे ताटवे कडक उन्हात फिके पडतात. ढग खाली उतरले, पानं ओली झाली आणि पोलरायझर फिल्टर फिरवून पानांवरची चकाकी काढली की हिरवा आणि गुलाबी असे उठून येतात की घरी आल्यावर संगणकावर काही करावंच लागत नाही. त्रास असतो वाऱ्याचा. मागचा हिमकडा आणि पुढचं फूल दोन्ही स्पष्ट हवंत म्हणून एफ १६ वर (लेन्सचं छिद्र बारीक करून) जाल तर शटर मंदावतं आणि फुलं डोलून पुसट होतात. मी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) सरळ ८०० वर नेते. दाणेदार फोटो चालतो, डोलणारं फूल चालत नाही. (इथे कुणी भांडायला येईल, या.)

पायवाट सोडून ताटव्यात शिरू नका, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगते, कारण सेल्फीसाठी शिरणारे रोज दिसतात. आणि जोन मार्गारेट लेग यांच्या समाधीपर्यंत नक्की जा. १९३९ मध्ये वनस्पती गोळा करताना त्या तिथेच कड्यावरून पडून गेल्या. बहुतेक लोक त्याच्या आधीच मागे फिरतात, त्यामुळे तिथे निवांतपणा मिळतो.

धागाकर्ता

एफ १६ वरून भांडायला मी आहेच. फुलासाठी एक आणि कड्यासाठी एक असे दोन फोटो घ्यायचे आणि घरी जोडायचे.

हिमगौरी

पावसात, एका हातात छत्री धरून? करून दाखवा.

सांताक्लारातली अकोलेकरीण

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी उद्यानाचा "फायरफॉल". एल कॅपिटन या प्रचंड कड्याच्या पूर्व अंगाला हॉर्सटेल नावाचा बारीकसा हंगामी धबधबा आहे. फेब्रुवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मावळतीचं ऊन फक्त त्याच्यावर पडतं, बाजूचा कातळ सावलीत जातो आणि पाणी पेटल्यासारखं दिसतं. १९७३ मध्ये छायाचित्रकार गॅलन रोवेल यांनी त्याचा रंगीत फोटो काढला आणि नंतर जग लोटलं. नाव मात्र दुसऱ्याच प्रकारावरून आलंय. योसेमिटीतल्याच ग्लेशियर पॉइंट या कड्यावरून रात्री खरोखरचे निखारे खाली ढकलायचा खेळ तिथे चालायचा, तो १९६८ च्या जानेवारीत बंद केला.

तीन गोष्टी जुळाव्या लागतात. वर बर्फ असून ते वितळत असलं पाहिजे, नाहीतर धारच नाही. पश्चिम क्षितिज मोकळं हवं. आणि सूर्य त्या ठरावीक कोनात हवा. यातलं काहीच आपल्या हातात नाही. गाडी लांब लावून मैल-दीड मैल बर्फातून चालायचं, दुपारीच जागा धरायची आणि गारठत बसायचं. ट्रायपॉडचे पाय एकमेकांत अडकलेले असतात. काही वर्षी त्या शनिवार-रविवारी आत यायलाच आरक्षण लागतं.

सासूबाई सोबत होत्या. थर्मासमधला चहा घेत त्यांनी त्या कड्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "यासाठी एवढी माणसं? याहून जाड धार त आपल्या चिखलदऱ्याले पडते." शेजारच्या तेलुगू मुलाला मी भाषांतर करून सांगितलं, तर तो म्हणाला, आमच्याकडेही पडते.

सूर्यास्ताच्या दहाएक मिनिटं आधी धार पिवळी झाली, मग नारिंगी. उजळ भाग जळू नये म्हणून मी उजेड धारेवरून मोजला आणि कातळ काळा पडू दिला. ऊन आक्रसत आक्रसत नुसत्या धारेपुरतं राहिलं तेव्हा सासूबाईंच्या तोंडून "अगंबाई" निघालं, आणि माझ्यासाठी ते पुरेसं सर्टिफिकेट होतं. हाच फोटो हजारोंकडे आहे, मग तू कशाला काढलास, असं नवरा विचारतो. आळंदीला लाखो जातात म्हणून आपण जायचं थांबतो का?

जाता जाता: रात्री मुक्काम असेल तर खाण्याचं काहीही गाडीत ठेवायचं नाही, अस्वलं काचा फोडतात. तिथल्या लोखंडी पेटीत ठेवायचं. आमचा चिवडा तिथेच राहिला.

कॅल्गरीकर

मोरेन लेक, बान्फ. कॅनडाच्या जुन्या वीस डॉलरच्या नोटेवर होतं ते तळं. २०२३ पासून खासगी गाड्या बंद आहेत. पहाटेच्या बसचं तिकीट मिळालं तरच सूर्योदय. पाण्याचा निळा रंग हिमनदीने दळलेल्या दगडाच्या पिठामुळे येतो आणि ते पीठ बर्फ वितळल्यावरच येतं. जूनच्या सुरुवातीला गेलात तर अर्धं तळं गोठलेलं असतं. जुलै धरा.

जुना रोलवाला

वर संगणकावर काही न करण्याचा अभिमान दिसला म्हणून लिहितो. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांचा योसेमिटीतल्या हाफ डोम कड्याचा फोटो, "मोनोलिथ", १९२७. उन्हाळी सुट्टीची सहल नव्हती ती, काचेच्या जड प्लेटा (तेव्हाची फिल्म) पाठीवर घेऊन बर्फातून चढले होते. शेवटी दोनच प्लेटा उरल्या. एक पिवळ्या फिल्टरने घेतली आणि मग वाटलं, समोर उभं राहून जे जाणवतंय ते यात येणार नाही. शेवटच्या प्लेटला गडद लाल फिल्टर लावला आणि आकाश जवळजवळ काळं झालं. त्या दिवशीचं आकाश काळं नव्हतं. आता त्याला खोटं म्हणायचं का?

आणखी एक. त्यांचा १९४२ चा स्नेक नदीचा फोटो अमेरिकेतल्याच ग्रँड टीटॉन उद्यानातला. तीच जागा शोधून उभे राहिलात तर आज नदीचं वळण झाडांनी झाकलंय. राष्ट्रीय उद्यानात झाडं वाढणारच, ती फोटोसाठी कुणी तोडणार नाही. मला हे फार आवडतं.

माझं स्वतःचं म्हणाल तर कान्हाची मैदानं, स्लाइड फिल्मवर. ५० आयएसओची वेल्विया, थंडीतली सकाळ, गवतावर दहिवर, मागे सालाची रांग. ती मैदानं म्हणजे उठवलेल्या गावांची जुनी शेतं. हे माहीत असलं की नुसतं "सुंदर" म्हणवत नाही.

नागपूर रात्रपाळी

महाराष्ट्रातलं पेंच जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेली जागा, जाहीर झालं. आजूबाजूच्या गावांतले दिवे बदलून प्रकाश खाली पडेल असे बसवलेत. रात्री कोअरमध्ये जाता येत नाही, जे काय ते बाहेरून. मी मार्च-एप्रिलमध्ये मध्यरात्रीनंतर जातो. १४ मिमी, एफ २.८, वीस सेकंद, आयएसओ ३२००.

अडचण दिशेची आहे. आकाशगंगेचा भरगच्च भाग दक्षिणेकडे दिसतो, आणि पेंचच्या दक्षिणेला काय? आमचं नागपूर. क्षितिजावर पिवळट उजेडाचा पट्टा येतो. त्यात मार्चअखेरीस मोह वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, त्याचा धूर. पट्टा लपवायला क्षितिजावर झाडांची दाट काळी रांग घ्यायची आणि कॅमेरा शक्य तितका खाली ठेवायचा. टॉर्च लाल, नाहीतर शेजारी बसलेला माणूस मारेल.

धागाकर्ता

ड्रोनबद्दल दोघांनी विचारलंय. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून बंदी आहे. आपल्याकडे जंगलात परवानगीशिवाय उडवाल तर कॅमेराही जाईल आणि वर गुन्हा दाखल होईल. विषय संपला.

कुरिंजी २०१८

एराविकुलम, केरळ. नीलकुरिंजी हे झुडूप बारा वर्षांनी फुलतं म्हणून २०१८ च्या ऑगस्टचं बुकिंग केलं होतं, आणि त्याच ऑगस्टमध्ये केरळात महापूर आला. मुन्नारचे रस्ते तुटले. सगळं रद्द करून उशिरा गेलो. उतार सलग निळा नव्हता, ठिपक्या-ठिपक्यांनी होता, आणि धुकं सरकलं की मागे डोंगराचे गोल खांदे दिसायचे. उद्यानाच्या बसने वर न्यायचे, डांबरी वाटेवरूनच फिरायचं, म्हणजे सगळ्यांचा कोन तोच. लांब लेन्सने उताराचे तुकडे काढले, तेच चांगले आले.

पुढचा बहर २०३०. जाणार असाल तर फक्त ऑगस्टवर विसंबू नका, सप्टेंबरचंही बुकिंग धरा आणि ते रद्द करता येईल असं घ्या.